मुक्त प्रोग्राम बनवणाऱ्यांनी त्यावरचं पुस्तक विकलं तर चालतं का?

देवघेव

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं जण सार्वजनिक वाचनालयांसाठीचा एक प्रोग्राम सांभाळतो. दाखल नोंदवही, सभासद, वर्गणी, अनामत, देवघेव, उशिराचा दंड आणि अनुदानासाठी लागणारा वार्षिक अहवाल, एवढी कामं त्यात होतात. परवाना जीपीएल (जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स) आवृत्ती 3, म्हणजे कुणीही प्रोग्राम वापरावा, बदलावा, वाटावा, पण बदलून वाटताना परवाना तोच ठेवावा. सोबतची मदतपानं क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए 4.0 (श्रेय द्या आणि पुढेही तोच परवाना ठेवा) या परवान्याखाली आहेत आणि त्यांत आमच्याशिवाय आणखी नऊ जणांनी भर घातली आहे.

‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे लहान, वाचनालयांतल्या ग्रंथपालांना हे सगळं छापील पुस्तकात, ओळीने, टेबलावर उघडून ठेवता येईल असं हवंय. साधारण 240 पानं, किंमत 400 रुपये असा विचार आहे. एका प्रकाशकांनी रस दाखवलाय, पण त्यांना ‘सर्व हक्क’ पाहिजेत, आणि संकेतस्थळावरची मदतपानं काढून टाका असंही ते म्हणतात. दुसरीकडे आमच्याच एका सहकाऱ्याचं म्हणणं असं, की प्रोग्राम मोफत आणि पुस्तकाला मात्र पैसे, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वात बसत नाही.

परवान्याची काही आडकाठी आहे का? मदतपानांतला मजकूर पुस्तकात घेता येईल का? पीडीएफ फुकट द्यावीच लागते का? आणि प्रकाशकांना काय उत्तर द्यावं?

---

परवाना_वाचक

आधी तुमच्या सहकाऱ्यांच्या शंकेबद्दल. जीपीएल 3 च्या कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रत देताना तुम्ही कितीही किंमत घेऊ शकता, किंवा काहीच घेऊ नका. म्हणजे खुद्द प्रोग्रामसुद्धा विकायला मुभा आहे, मग त्यावरच्या पुस्तकाचं काय! 1985 साली मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन ईमॅक्स या मजकूर-संपादकाची टेप 150 डॉलरला विकत होते, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पुढे छापील मॅन्युअलंही विकली. प्रत घेणाऱ्याला ती वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची मोकळीक असली म्हणजे झालं. तिची किंमत किती, याच्याशी मुक्तपणाचा संबंध नाही.

आता पुस्तक. तुम्ही तिघांनी कोऱ्या पानापासून लिहिलेल्या मजकुराला प्रोग्रामचा जीपीएल लागत नाही. प्रोग्रामचं वर्णन करणं म्हणजे त्याच्यापासून नवी कृती बनवणं नव्हे. कोडमधल्या चार ओळी उदाहरणादाखल दिल्या तरी हरकत नाही. पण सोर्समधली लांबच लांब फंक्शनं किंवा टिप्पण्यांचे परिच्छेदच्या परिच्छेद उचलून छापले आणि ते बाहेरच्या कुणी लिहिलेले असले, तर तेवढ्या भागाला जीपीएलच राहतो.

मदतपानांचं प्रकरण वेगळं. त्यातला मजकूर फक्त तुमचा नाही. बीवाय-एसए 4.0 प्रमाणे तो घेऊन पुस्तक करायला आणि विकायला कुणाचीच परवानगी लागत नाही, पण चार गोष्टी पाळाव्या लागतात. ज्यांचा मजकूर आहे त्यांची नावं द्यायची, परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा, बदल केलेत हे सांगायचं, आणि त्या मजकुरावर बेतलेला भाग त्याच परवान्याखाली ठेवायचा. शिवाय ईपुस्तकाला कुलूप, म्हणजे डीआरएम, लावता येत नाही. एकच प्रकरण असं असेल तर तेवढंच बीवाय-एसए ठेवून बाकीच्याला वेगळा परवाना देणं कागदावर शक्य आहे, पण वाचकाला ते कळत नाही आणि प्रकाशकाला तर अजिबातच नाही. सगळं पुस्तक एकाच परवान्याखाली ठेवा.

‘सर्व हक्क राखीव’ करायचं असेल तर नऊ जणांकडून लेखी संमती, नाहीतर त्यांचा मजकूर बाजूला ठेवून नव्याने लेखन. कुणाचं काय आहे हे शोधायला, फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामचा नुसता ‘ब्लेम’ आदेश चालवून थांबू नका. ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला एवढंच तो दाखवतो. कुणीतरी सगळ्या फायलींचा समास नीट केला असेल तर तीनशे ओळी त्याच्या नावावर दिसतात आणि मूळ लिहिणारा गायब होतो. मोकळ्या जागांतले बदल दुर्लक्षित करणारा आणि इतर फायलींतून आलेल्या ओळी ओळखणारा, असे दोन्ही पर्याय लावून चालवा, आणि मग फाइलवार इतिहास डोळ्यांनी वाचा. मदतपानांचं कुणी भाषांतर केलं असेल तर त्या भाषांतरावर त्याचाही हक्क असतो. हे हमखास नजरेतून सुटतं.

पीडीएफ फुकट द्यावीच लागते का? नाही. पण बीवाय-एसए असेल तर विकत घेणाऱ्याने ती दुसऱ्याला दिली, किंवा संकेतस्थळावर ठेवली, तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. हे मान्य असेल तरच तो परवाना घ्या.

---

जुळारी

प्रकाशकांशी बोलताना ‘सर्व हक्क’ हा शब्दच मोडून काढा. छापील आवृत्तीचा हक्क वेगळा, ईपुस्तकाचा वेगळा, भाषांतराचा वेगळा, आणि कॉपीराइट कायमचा लिहून देणं हे तर सर्वांत वेगळं. प्रकाशकांना बहुतेक वेळा फक्त एवढीच खात्री हवी असते की त्यांनी पैसे घालून छापल्यावर दुसरं कुणी तेच स्वस्तात छापणार नाही. ती भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत.

भारतीय कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 वाचून जा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत तुमच्याकडे येतो. म्हणून छापील कराराच्या नमुन्यात ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘न वापरल्यासही अबाधित’ असे शब्द घुसलेले असतात. ते खोडून ‘मराठी छापील आवृत्ती, 3 वर्षं, भारत’ एवढंच ठेवा. ईपुस्तक, मूळ फायली आणि पुढच्या आवृत्त्या तुमच्याकडे.

मदतपानं काढण्याची अट मात्र धुडकावून लावा. ती पाळून उपयोगही नाही, कारण बीवाय-एसए मागे घेता येत नाही. ज्याच्याकडे प्रत आहे तो ती वाटत राहू शकतो.

फुकट वाचायला मिळणारं पुस्तक कोण विकत घेणार, असं प्रकाशक म्हणतीलच. त्यांच्यापुढे चालू उदाहरणं ठेवा. गिटवरचं ‘प्रो गिट’ संपूर्ण ऑनलाइन आहे आणि एप्रेस ते छापून विकते. त्याला बीवाय-एनसी-एसए 3.0 परवाना आहे, त्यातलं एनसी म्हणजे व्यापारी छपाई राखून ठेवलेली. रस्ट भाषेचं अधिकृत पुस्तक त्याहून मोकळं, एमआयटी आणि अपाची परवान्यांखाली, तरी नो स्टार्च प्रेस त्याची छापील आवृत्ती विकते. गिटसारखंच काम करणाऱ्या सबव्हर्जनवरचं पुस्तक नुसत्या बीवाय परवान्याखाली होतं आणि ओरायलीने ते छापलं. तिन्हींच्या लेखकांत प्रोग्राम घडवणारे किंवा त्या प्रकल्पात मुरलेले लोक आहेत.

एनसीकडे मन वळण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. तुमच्या नऊ जणांचा बीवाय-एसए मजकूर एनसी पुस्तकात घालता येत नाही, कारण एसए म्हणजे तोच परवाना. आणि एनसी मजकूर डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीच्या मुख्य संग्रहात जात नाही, विकिपीडियावर जात नाही. फी घेऊन ग्रंथपालांचं शिबिर भरवणाऱ्याने त्यातली पानं वाटावीत की नाही, यावर तर वादच होत राहतात.

हिशेब असा. समजा किंमत 400. विक्रेता-वितरकाचं कमिशन 40 टक्के धरलं तर 160 गेले, उरले 240. छपाई प्रतीमागे समजा 120 पडली, तर हाती 120, आणि त्यातून टपाल आणि खराब प्रती. प्रकाशकामार्फत 10 टक्के मानधन असेल तर प्रतीमागे 40, पण गुंतवणूक शून्य. तिसरा रस्ता मागणीनुसार छपाईचा. त्यात प्रतीचा खर्च जास्त, पण साठा पडून राहत नाही. तुमच्यासारख्या, दर वर्षी पडदे बदलणाऱ्या प्रोग्रामला हाच सोयीचा. हजार प्रती छापून ठेवल्या आणि सहा महिन्यांत मेनू बदलला, की उरलेल्या सातशे प्रती वाचकाला चुकीचं शिकवत बसतात.

---

अनुस्वार

माझा मुद्दा देवघेव यांच्या सहकाऱ्यांच्या जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे घेण्याला माझा विरोध नाही, बंदिस्त पुस्तकाला आहे. प्रोग्राममध्ये बदल करणारा माणूस त्याचं मॅन्युअलही बदलू शकला पाहिजे, नाहीतर बदललेला प्रोग्राम आणि न बदलणारं पुस्तक असा विचित्र जोड तयार होतो. एखाद्या वाचनालयाने दंडाची आकारणी दिवसाऐवजी आठवड्याने केली, तर त्यांना पुस्तकातलं ते प्रकरण दुरुस्त करून आपल्या कर्मचाऱ्यांना देता यावं. ‘सर्व हक्क राखीव’ असेल तर तेवढंही बेकायदा.

दुसरा धोका पैशाचा आहे आणि तो हळूहळू येतो. बनवणाऱ्यांचं उत्पन्न पुस्तकावर असलं की मदतपानं कच्ची ठेवण्यातच फायदा दिसू लागतो. मग एखाद्या चुकीच्या संदेशाचं उत्तर ‘पुस्तकाचं प्रकरण सात बघा’ असं येतं. ते होऊ नये म्हणून काय कुठे राहील हे आधीच ठरवा आणि प्रकल्पाच्या वाचा-फाइलमध्ये (रीडमी) लिहून टाका. बसवणं, बॅकअप, बॅकअपमधून परत आणणं, नव्या आवृत्तीवर जाणं, प्रत्येक मेनू, प्रत्येक पर्याय, प्रत्येक त्रुटी-संदेश हे सगळं मदतपानांत, पूर्ण, मोफत. पुस्तकात क्रम आणि समज. एप्रिलपासून मार्चपर्यंत एका वाचनालयाचं अख्खं वर्ष चालवून दाखवा: जुनी दाखल नोंदवही संगणकावर कशी चढवायची, एकाच पुस्तकाच्या तीन प्रतींना तीन दाखल क्रमांक का, मोजदादीत न सापडलेली पुस्तकं कशी दाखवायची, मार्चअखेरची थकीत वर्गणी पुढच्या वर्षात कशी न्यायची, अहवालातला आकडा जुळेना तर आधी काय तपासायचं. मदतपानांत हे कधीच नीट बसत नाही, आणि ग्रंथपाल 400 रुपये देतील ते यासाठी देतील.

पुस्तक लिहिताना मदतपानांतल्या चुका सापडणारच. त्या त्याच दिवशी मदतपानांत दुरुस्त करा, पुस्तकापुरत्या ठेवू नका.

आणि पैसे कुणाचे? विक्री सुरू होण्याआधी अर्ध्या पानाचं टिपण करा: लिहिणाऱ्यांना किती, सर्व्हर आणि डोमेनसाठी किती, नऊ जणांच्या वाट्याला काही जाणार की नाही. बीवाय-एसए असल्यामुळे त्यांना पैसे देणं कायद्याने बंधनकारक नाही. पण विचारलंच नाही तर पुढची भर ते घालणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच असेल.

---

परवाना_वाचक

अनुस्वार ताईंशी सहमत. त्यांच्या बदल करता येण्याच्या मुद्द्यावरून आठवलं, कुणीतरी जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स सुचवेलच. मॅन्युअलसाठीच बनवलेला परवाना आहे, पण छापणाऱ्यावर त्याच्या खास जबाबदाऱ्या येतात. मुखपृष्ठावर ठरावीक मजकूर (जास्तीत जास्त 5 शब्द) आणि मलपृष्ठावर (25 शब्दांपर्यंत) सक्तीचा करता येतो. 100 पेक्षा जास्त छापील प्रती काढल्या तर संपादन करता येईल अशी फाइलही सोबत द्यावी लागते, किंवा नेटवर, शेवटची प्रत वितरित केल्यापासून किमान एक वर्ष, उपलब्ध ठेवावी लागते. त्यात न बदलता येणारे विभाग ठेवायची सोय आहे. तिच्याचमुळे डेबियनने 2006 मध्ये मतदान घेऊन ठरवलं, की असे विभाग नसतील तरच हा मजकूर मुक्त मानायचा. शिवाय या परवान्याचा मजकूर आणि जीपीएलचा कोड एकमेकांत मिसळत नाहीत. तुमची मदतपानं आधीच बीवाय-एसए 4.0 असल्यामुळे या वाटेला जाऊच नका. 4.0 चा मजकूर 2015 पासून जीपीएल 3 मध्ये नेता येतो, उलट दिशेने मात्र नाही. उदाहरणांतला कोड, अहवालांच्या क्वेरी वगैरे, जीपीएल 3 किंवा एमआयटीखाली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तसं पुस्तकात लिहा.

आणखी एक. तुमच्यापैकी कुणी नोकरीत असेल आणि पुस्तकाचं लिखाण त्या नोकरीच्या कामाचा भाग धरलं जाण्यासारखं असेल, तर कलम 17 प्रमाणे पहिला हक्क मालकाचा ठरतो. कंपनीकडून ‘आमचा दावा नाही’ असं पत्र आधीच घ्या.

---

जुळारी

छपाईबद्दल कुणी विचारलं नाही, पण अशा पुस्तकांची माती तिथेच होते.

डेमी आकारात 16 पानांचा फॉर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडायची पानं) धरला तर 240 पानं म्हणजे बरोबर 15 फॉर्मे. पान 241 वर गेलात तर अख्ख्या फॉर्म्याचा हिशेब बदलतो, तेव्हा सूची आणि परिशिष्टं धरून आधीच मोजा. कागद 70 किंवा 80 जीएसएम मॅपलिथो. नुसतं चिकटवलेलं बाइंडिंग स्वस्त पडतं, पण पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही, हात काढला की मिटतं. शेजारी ठेवून टंकायचं पुस्तक आहे हे, शिवलेलं बाइंडिंग मागा आणि आतला समास 20 मिलिमीटरच्या खाली आणू नका.

सर्वांत महत्त्वाचं: मजकूर युनिकोडमध्येच राहू द्या. काही ठिकाणी डीटीपीवाले मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्यात ऱ्य आणि रफार तुटतात, आणि प्रुफं तपासताना केलेल्या दुरुस्त्या त्यांच्याच फायलीत अडकतात. तुमच्या मूळ फायलीत त्या परत येत नाहीत, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तीच चारशे दुरुस्त्यांची हमाली पुन्हा करावी लागते. छापायला तयार पीडीएफ तुम्हीच काढा. लिब्रेऑफिस रायटर चालेल. मोठं काम असेल तर साधी मजकूर-फाइल, तिचं रूपांतर करणारा पॅनडॉक आणि पानं जुळवणारा झीलाटेक. फॉन्टची भाषा मराठी अशी नेमून द्या, म्हणजे ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, पीडीएफमध्ये घालायला अडचण नाही.

कमांड छापताना तीन चुका ठरलेल्या. रायटर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी करतो. दोन सलग हायफनांची एक लांब रेघ होते. आणि लांब ओळ तुटताना मध्येच हायफन येतो. वाचक दिसेल तसं टंकतो, कमांड चालत नाही, आणि दोष प्रोग्रामला लागतो. आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, कोडसाठी वेगळी शैली करा, आणि तयार पीडीएफमधून प्रत्येक कमांड पुन्हा टंकून चालवून बघा.

पडद्याची चित्रं घेताना पूर्ण 1920 पिक्सेलची खिडकी घेऊ नका. साडेचार इंचांत ती बसते, पण त्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात. खिडकी 1100 पिक्सेलपर्यंत लहान करा, मोठेपणा 125 टक्के ठेवा, मग चित्र घ्या. साडेचार इंचांत ते जवळजवळ 245 डीपीआय पडतं, पुरेसं आहे. एकरंगी छपाईत लाल आणि हिरवं बटण सारखंच करडं दिसतं, म्हणून ‘लाल बटण दाबा’ असं लिहू नका, बटणावरचं नाव लिहा. चित्रांत खऱ्या सभासदांची नावं आणि फोन नंबर नकोत, चाचणीसाठी बनवलेला विदा वापरा.

आयएसबीएनला पैसे लागत नाहीत. राजा राममोहन रॉय संस्थेच्या पोर्टलवर लेखकालाही अर्ज करता येतो. छापील आणि ईपुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक घ्या. प्रकाशित झाल्यावर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं 1954 च्या कायद्याने बंधनकारक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, ईपुस्तकावर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ईपुस्तकाचा दर 5 टक्के. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण ईपुस्तक सुरू केलं की ती सवलत त्याच रूपात राहत नाही, तेव्हा तेवढं सीएंना विचारून घ्या.

---

देवघेव

सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तक बीवाय-एसए 4.0 खालीच ठेवायचं, मदतपानं संकेतस्थळावरून काढायची नाहीत आणि मागणीनुसार छपाईने सुरुवात करायची, यावर तिघांचं एकमत झालं. शंका घेणाऱ्या सहकाऱ्यालाही हे पटलंय. दोन प्रश्न राहिले. नऊपैकी एक जण कुठेच सापडत नाही, मेलला उत्तर नाही. आणि ॲमेझॉनच्या किंडलवर ईपुस्तक ठेवायचं तर काही अडचण?

---

परवाना_वाचक

बीवाय-एसए ठेवताय म्हटल्यावर त्यांना शोधण्याची गरजच नाही, परवानगी त्यांनी आधीच दिलेली आहे. प्रकल्पाच्या फायली जिथे असतात त्या गिट भांडारात जे नाव किंवा टोपणनाव आहे तेच छापा. आणि त्यांचा उतारा एवढ्यातेवढ्या शब्दफरकाने ‘नवा’ करून नाव गाळू नका. मांडणी तीच राहिली तर ते रूपांतरच ठरतं.

किंडलवर ठेवताना डीआरएमचा पर्याय नाकारा. केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत नाव घालू नका. त्या योजनेत असेपर्यंत ईपुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, आणि तुमची मूळ फाइल तर भांडारात उघडी असणार. नेटवर आधीच असलेला मजकूर आहे म्हणून प्रकाशनाच्या हक्काबद्दल विचारणा येऊ शकते. तेव्हा परवान्याचं पान, भांडाराचा दुवा आणि तिघांची नावं एका पत्रात तयार ठेवा.

मुखपृष्ठावर प्रोग्रामची आवृत्ती ठळक घाला. श्रेयपानावर या क्रमाने छापा: पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, ती प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीला लागू, तिघा लेखकांची नावं, ‘मदतपानांतील मजकुराचा आधार, फेरफारांसह’ असं म्हणून बाकी नऊ नावं, परवान्याचं पूर्ण नाव आणि दुवा, उदाहरण-कोडचा वेगळा परवाना, मूळ फायलींचा पत्ता आणि त्या भांडारातल्या नेमक्या टॅगचं (त्या वेळच्या फायलींना दिलेल्या खुणेचं) नाव, शुद्धिपत्राचा क्यूआर कोड. टॅग मात्र पीडीएफ छापायला पाठवायच्या आधी लावा. नंतर लावला तर छापलेलं आणि भांडारातलं यांत फरक पडतो, आणि दुरुस्ती पाठवणारा वाचक भलत्याच ओळीवर बोट ठेवतो.